जोडले आहे, पण इंटरनेट नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कॉफीच्या दुकानात मागच्या महिन्यात एक मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. बाहेर रस्त्यावर दुपारची वर्दळ होती आणि आत ताज्या दळलेल्या कॉफीचा व नुकत्याच पुसलेल्या फरशीचा वास भरून राहिला होता. तिच्यासमोरची कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती, पण तिचे सगळे लक्ष पडद्याच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात होते. दुकानाच्या भिंतीवर ‘मोफत वाय-फाय’ अशी पाटी होती. त्या नावाचे नेटवर्क तिने निवडले होते आणि लॅपटॉपने ‘जोडले आहे’ असे सांगितलेही होते, पण त्याच्याच खाली ‘इंटरनेट नाही’ अशी बारीक ओळ होती आणि एकही पान उघडत नव्हते. ती जोडणी तोडायची, पुन्हा जोडायची, लॅपटॉप उचलून दाराकडच्या बाजूला धरायची, परत खाली ठेवायची. शेवटी तिने मान वर केली आणि मला विचारले, “काका, मघापास्नं बसलोय, नेट लागंना झालंय. तुमचं लागलंय काय?”

ती राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीची, कोल्हापुरात वसतिगृहात राहून शिकणारी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची त्या दिवशी शेवटची तारीख होती. कागदपत्रे वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मदतीने लॅपटॉपवर घेऊन झाली होती, आता फक्त ती चढवायची होती. फोनचा डिस्प्ले गेल्यामुळे तो दुरुस्तीला दिलेला होता आणि सिमकार्डही त्यातच राहिले होते. मी तिच्या ब्राउझरच्या पट्टीत एका साध्या, म्हणजे ‘https’ऐवजी नुसत्या ‘http’ने सुरू होणाऱ्या, कुलपाविनाच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिला आणि लगेच त्याच्याऐवजी दुकानाचे स्वागताचे पान समोर आले. त्या पानावर एकच चौकट होती: आपला मोबाइल क्रमांक लिहा, त्यावर ओटीपी येईल.

तिने वडिलांचा क्रमांक घातला. माझ्या फोनवरून त्यांना फोन लावला. ते उसाच्या फडात होते, मागून कोयत्यांचा आणि माणसांच्या हाकांचा आवाज येत होता. “आण्णा, मेसेज येईल बघा एक. त्यातला आकडा तेवढा सांगा.” त्यावर पलीकडून उत्तर आले, “चष्मा घरात ऱ्हायलाय गं. थांब, कुणाकडनं तरी वाचून घेतो.” मग कोणा पोराला हाक मारणे, फोन कानावरून काढून त्याच्या हातात देणे, त्याने संदेश शोधणे, आणि एकेक आकडा मोठ्याने सांगणे. मुलीने सहाच्या सहा आकडे नीट भरले, तोवर पानावर लाल अक्षरांत मुदत संपल्याची सूचना आली. दुसऱ्या वेळी संदेशच उशिरा पोहोचला. मी म्हटले, “माझा नंबर घाल.” तिने माझ्या हाताआड स्वतःचा हात धरला. “नको काका. तुमच्या नावावर कशाला? उद्या काय झालं तर तुमच्यावर यायचं.” मग मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, पासवर्ड तिच्या लॅपटॉपवर घातला आणि ती कागदपत्रे चढवू लागली. काम झाल्यावर तिने आधी विचारले ते हे, की डेटा किती गेला, त्याचे पैसे देते.

अर्ज वेळेत गेला. तरीही ती दुपार माझ्या मनातून जात नाही.

कारण त्या दुकानात सर्वांसाठी म्हणून ठेवलेले नेटवर्क तिला उघडले नाही आणि एका अनोळखी माणसाच्या खिशातले खासगी नेटवर्क उघडले. दुकानदाराने वाईट हेतूने काही केलेले नव्हते. त्याने पैसे मोजून जोडणी घेतली होती, यंत्र बसवले होते, पाटी लावली होती. मुलीनेही काही चुकवले नव्हते. उलट, दुसऱ्याच्या नावावर इंटरनेट वापरू नये ही जाण तिला होती आणि ती शिकल्या-सवरलेल्या पुष्कळ मंडळींना नसते. अडथळा होता तो मधल्या एका पानात, आणि त्या पानाबद्दल आपण फार कमी बोलतो. माझे काम पुस्तकांच्या आणि अंकांच्या मांडणीचे आहे, लॅपटॉप पाठीवर घेऊन मी गावोगाव जातो, आणि लॉज, स्थानके, दवाखाने, हॉटेले अशा ठिकाणी हे पान मी इतक्या रूपांत पाहिले आहे की त्याची घडण मला आता बरीच कळते.

लॅपटॉप ‘जोडले आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. भिंतीवरचे यंत्र, म्हणजे राऊटर, दर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव हवेत पुकारत असते आणि लॅपटॉपला दिसणारी यादी त्या पुकाऱ्यांतून तयार होते. आपण नाव निवडले की दोन्ही रेडिओंची ओळख होते, आणि मग लॅपटॉप राऊटरकडे स्वतःसाठी आकड्यांचा एक पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, मागतो. बहुतेक वेळा १९२.१६८ किंवा १० या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता मिळतो. तो मिळालाच नाही, म्हणजे गर्दीच्या वेळी राऊटरजवळचे पत्ते संपलेले असले, तर लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आपला आपणच घेतो. नेटवर्कच्या तपशिलात हे आकडे दिसले, की कितीही वाट पाहिली तरी काही उघडणार नाही हे समजून घ्यावे. पत्ता मिळाल्यावर लॅपटॉप गुपचूप एक छोटी चाचणी घेतो. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टच्या ठरावीक पत्त्यावरचा एका ओळीचा मजकूर मागवतो, ॲपलचे यंत्र असेल तर ॲपलच्या पत्त्यावरचा एक शब्द. ठरलेला मजकूर जसाच्या तसा आला तर मार्ग मोकळा आहे, दुसरेच काही आले तर मध्ये कोणीतरी उभे आहे. हे मध्ये उभे असणारे म्हणजेच ते स्वागताचे पान.

हे पान समोर येते ते एका अडवणुकीमुळे. तुम्ही मागितलेले कोणतेही साधे पान राऊटर मध्येच धरतो आणि त्याऐवजी स्वतःचे पान पाठवतो. जुन्या काळात, म्हणजे बहुतेक संकेतस्थळे कुलपाविना, मजकूर गुप्त लिपीत न बदलता, चालत होती तेव्हा, हे सहज जमे. आता जवळजवळ प्रत्येक पत्ता कुलूपबंद असतो आणि अशा पत्त्याच्या जागी दुसरे पान आले की ब्राउझर ते नाकारतो, जे योग्यच आहे. म्हणून कित्येकदा स्वागताचे पान येतच नाही आणि वापरणारा ‘जोडले आहे’ व ‘इंटरनेट नाही’ यांच्यामध्ये लोंबकळत राहतो. लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा एका गुप्त मार्गाने नेणारी सोय, आपोआप सुरू होत असेल किंवा पत्ते शोधणारा डीएनएस बदलून ठेवलेला असेल, तर अडचण आणखी वाढते. अशा वेळी व्हीपीएन थोडा वेळ थांबवावा, एखादा साधा कुलपाविनाचा पत्ता उघडावा, पान आले की त्यावरचे सोपस्कार उरकावेत आणि मग व्हीपीएन पुन्हा सुरू करावा. त्या मुलीला हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि सांगणार तरी कोण? पाटीवर नेटवर्कचे नाव तेवढे लिहिलेले असते.

वायरविना जाळ्याचे पहिले मानक १९९७ साली आले, ‘वाय-फाय’ हे नाव १९९९ मध्ये रूढ होऊ लागले आणि २००३ नंतर लॅपटॉपमध्ये त्याचा रेडिओ कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. त्या काळात कोल्हापुरात इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे होते. प्लायवूडच्या खुराड्यांत मांडलेले संगणक, उकाडा, पंख्याची घरघर, की-बोर्डवरची पुसट अक्षरे, आणि दाराशी एक जाडजूड वही. त्या वहीत नाव, पत्ता, आल्याची वेळ लिहून सही करायची. त्याच्याही आधीच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकडे पळताना बघत घाईघाईने बोलायचे. या दोन्ही ठिकाणी जवळ स्वतःचे काही यंत्र असावे लागत नसे. रिकाम्या हाताने गेलेला माणूस खिशातले नाणे आणि तोंडातले नाव एवढ्यावर जगाशी बोलून परत येई. मला त्या उकाड्याची आठवण गोड करून सांगायची नाही, ती जागा मुलींसाठी तर मुळीच सोयीची नव्हती. पण आजच्या मोफत वाय-फायपेक्षा तिथली एक गोष्ट बरी होती, ती म्हणजे दाराशी एक माणूस बसलेला असे आणि अडले तर त्याला विचारता येत असे.

हे मोबाइल क्रमांकाचे बंधन आले कुठून, ते समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर रागावणे बरोबर नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठवला गेल्याचे निघाले. ज्याच्या नावावर जोडणी होती त्याला चौकशीला तोंड द्यावे लागले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फायसाठी वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे नियम घातले. “उद्या काय झालं तर तुमच्यावर यायचं” हे त्या मुलीचे वाक्य हवेतून आलेले नव्हते. त्या नियमांमागचे भय आता लोकांच्या बोलण्यात मुरले आहे. तात्पुरत्या ग्राहकासाठी त्या नियमांत दोन वाटा ठेवलेल्या होत्या: छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घेऊन ती जपून ठेवणे, किंवा मोबाइलवर संदेशाने प्रवेशाची अक्षरे पाठवून तो क्रमांक हीच ओळख मानणे. यांतली दुसरी वाट दुकानदाराला बिनकष्टाची होती. ना वही, ना झेरॉक्स, ना माणूस. म्हणून सगळीकडे तीच रुजली आणि पहिली वाट असू शकते हेच विसरले गेले. ज्याच्याकडे चालता फोन नाही, ज्या घरात एकच फोन आहे आणि तो रानात गेलेला आहे, परदेशातून आलेल्या ज्या पाहुण्याचा क्रमांक दहा आकड्यांचा नाही, ते सगळे या एका सोयीपायी दाराबाहेर राहिले.

यावर कोणी म्हणेल की आता डेटा इतका स्वस्त आहे की सार्वजनिक वाय-फायची गरजच कोणाला उरली आहे? हा प्रश्न मोठमोठ्यांनीही विचारला आहे. रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गूगल यांनी मिळून जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला मोफत वाय-फाय सुरू केले, जून २०१८ मध्ये आसामातल्या दिब्रुगडला चारशेवे स्थानक जोडले, आणि २०२० मध्ये गूगलने मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देऊन त्यातून अंग काढून घेतले. रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली. याच सेवेवर अभ्यासाची व्याख्याने कानात ऐकत, डोक्यावर सामान वाहत, एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पार केल्याची बातमी तेव्हा देशभर वाचली गेली. मला ती बातमी आजही आठवते. डेटा स्वस्त झाला हे खरेच आहे, पण तो फोनवाल्यासाठी आणि रेंजवाल्यासाठी स्वस्त झाला. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भागांतल्या डोंगरांच्या कुशीतल्या वाड्यांवरून येणारी मुले कोल्हापुरात उतरतात तेव्हा घरून साठवून आणलेली कामे घेऊन उतरतात. अर्ज भरायचे असतात, प्रवेशाच्या याद्या बघायच्या असतात, महाविद्यालयाचे प्रकल्प पाठवायचे असतात. हे फोनच्या वीतभर पडद्यावर होत नाही, त्याला लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉपला तासभर न तुटणारी जोडणी लागते.

भीतीबद्दलही मन दोन्हीकडे ओढते. सार्वजनिक वाय-फायवर काही करूच नये, सगळे चोरीला जाते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. एके काळी ते अगदी योग्य होते. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर लॅपटॉप आणि राऊटर यांच्यामधले बोलणे भर एसटीत मोठ्याने केलेल्या गप्पांसारखे असते, ऐकायचे ठरवले तर शेजारच्या कोणालाही ते ऐकू येते. २०१० साली ‘फायरशीप’ नावाचे एक छोटे साधन कोणीही आपल्या ब्राउझरला जोडू शके आणि त्याच खोलीत बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक खात्यात एका टिचकीने शिरू शके. ते साधन बनवणाऱ्याचा हेतू चोरीचा नव्हता, मोठ्या कंपन्यांनी आपली संकेतस्थळे कुलूपबंद करावीत म्हणून त्याने हा धडा उघड्यावर मांडला होता. पुढे कंपन्या हलल्या, २०१५ च्या अखेरीस ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या सेवेने कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली, आणि आज आपण उघडतो त्यांतली बहुसंख्य पाने मधल्या माणसाला वाचता येत नाहीत. आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे त्याला बहुधा कळते, तिथे काय लिहिले ते कळत नाही.

उरतो तो खरा धोका नावाचा. नेटवर्कचे नाव कोणीही कोणतेही ठेवू शकतो. दुकानाच्या दाराबाहेर गाडीत बसून एखाद्याने आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला दुकानाचेच नाव दिले तर लॅपटॉपच्या यादीतून ते ओळखता येत नाही. म्हणून गल्ल्यावरच्या माणसाला नाव विचारून घ्यावे. प्रमाणपत्र जुळत नाही अशी सूचना ब्राउझरने दिली तर ‘तरीही पुढे जा’ यावर कधीही टिचकी मारू नये. स्वागताच्या पानाने मोबाइल क्रमांकाच्या पलीकडे ई-मेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक मागितला तर लॅपटॉप मिटून उठावे. आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये हे नेटवर्क सार्वजनिक की खासगी अशी जी निवड असते ती सार्वजनिकच ठेवावी, म्हणजे त्याच जाळ्यावरच्या इतर यंत्रांना आपला लॅपटॉप आणि त्यातले इतरांसाठी खुले ठेवलेले फोल्डर दिसत नाहीत. एवढे पाळणारा माणूस बिनघोर अर्ज भरू शकतो. सरसकट भीती घालून आपण नेमक्या त्याच लोकांना माघारी पाठवतो ज्यांना दुसरा पर्याय नसतो, हे मला फार लागते.

त्या दुपारनंतर एका रात्री मी माझ्या लॅपटॉपमधली साठवलेल्या नेटवर्कांची यादी उघडून बसलो. सेटिंग्जमध्ये खोलवर ती असते आणि सहसा कोणी तिकडे फिरकत नाही. पुण्यातल्या छापखान्याचे नेटवर्क, पंढरपुरातल्या एका लॉजचे, एका लग्नाच्या कार्यालयाचे, सांगलीतल्या प्रकाशकाच्या घराचे, आता बंद पडलेल्या एका खानावळीचे. आणि मध्येच मिरजेच्या एका रुग्णालयाचे. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मी तिथल्या व्हरांड्यात रात्री बसून एका दिवाळी अंकाची पाने लावत असे. पासवर्ड रात्रपाळीच्या सिस्टरांनी स्वतःहून दिला होता, औषधांच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला निळ्या बॉलपेनने, शून्य आणि ‘ओ’ यांत गल्लत होऊ नये म्हणून शून्यावर आडवी रेघ मारून. फिनेलचा वास, लिफ्टचे दार उघडल्याचा आवाज, मांडीवर तापलेला लॅपटॉप आणि काचेपलीकडे झोपलेली आई. त्या जोडणीवर मी अंक पूर्ण केला आणि भावाला रोज रात्री तिचे हालहवालही कळवले. ते नाव यादीत वाचताना सगळे परत अंगावर आले.

पण हीच यादी आपल्याविषयी बोलकीही असते. जुनी यंत्रे साठवलेल्या नेटवर्कांची नावे घेत हवेत विचारत फिरत की अमुक इथे आहे का, तमुक इथे आहे का, आणि ऐकणाऱ्याला त्यातून माणूस कुठे कुठे राहून आला ते कळे. २०१४ पासून आधी ॲपलच्या फोनांनी आणि मग इतरांनी शोध घेताना स्वतःचा खरा रेडिओ-क्रमांक, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या वाय-फायचा कायमचा ओळख-क्रमांक, लपवून बनावट क्रमांक वापरायला सुरुवात केली. पुढे जोडणीच्या वेळीही तसाच क्रमांक वापरला जाऊ लागला. त्याचा एक परिणाम असा, की यंत्राने क्रमांक बदलला की राऊटरला तो नवा माणूस वाटतो आणि तेच पान पुन्हा ओटीपी मागते. शिवाय उघड्या नेटवर्कचे नाव साठवलेले असले आणि ‘आपोआप जोडा’ ही खूण तशीच असली, तर त्या नावाचे कोणतेही नेटवर्क समोर येताच लॅपटॉप न विचारता त्याच्याशी जोडून घेतो. मी त्या रात्री बहुतेक नावे पुसली. मिरजेचे नाव ठेवले आहे, फक्त त्याच्यापुढची आपोआप जोडण्याची खूण काढली.

नियम, नोंद, ओळख यांच्याविषयी माझे मत ठाम होऊ पाहते तेव्हा मला ऑगस्ट २०१९ चा कोल्हापुरातला महापूर आठवतो. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पेट्रोल नाही, दूध नाही, निम्म्या शहरात वीज नाही. लोकांचे फोन कधी लागत, कधी लागत नसत. टेंबलाईच्या टेकडीच्या बाजूला उंचावर राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घरी इंटरनेटची केबल शाबूत होती आणि राऊटर इन्व्हर्टरवर चालत होता. जवळच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केलेली होती. त्याने राऊटर खिडकीत आणून ठेवला, पासवर्ड काढून टाकला आणि नेटवर्कचे नाव बदलून ‘पूरग्रस्तांसाठी मोफत’ असे केले. पावसात छत्र्या धरून माणसे त्याच्या कंपाउंडला टेकून उभी राहत. कोणी पुण्याच्या लेकीला “आम्ही वर आलोय, काळजी करू नको” एवढेच पाठवी, कोणी जनावरे सोडवायला बोट मिळेल का ते विचारी. दोन मुले लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली आणि वस्तीतल्या अडकलेल्या माणसांच्या याद्या करून पाठवत बसली. कोणी कोणाचा क्रमांक विचारला नाही.

काटेकोर पाहिले तर मित्राने धोका पत्करला होता. त्या गर्दीत एखाद्याने काही भलते केले असते तर पोलीस त्याच्या दाराशी आले असते. त्यालाही ते ठाऊक होते. पाणी उतरल्यावर त्याने पासवर्ड परत घातला आणि माझ्या मते तेही योग्यच केले. पूर रोज नसतो, आणि रोजच्यासाठी नोंद हवी. पण नोंद ही माणसाला आत घेण्यासाठी असावी. ती कशी घ्यायची हे ठरवताना सगळ्यांत अडचणीतला माणूस डोळ्यांसमोर ठेवला जात नाही, याची मला खंत आहे.

सरकारच्या पातळीवर एक चांगला विचार झालेला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये जुन्या पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक टेलिफोन बूथच्या, धर्तीवर सार्वजनिक वाय-फायची शिफारस केली आणि ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. चहाची टपरी, किराणा दुकान, सलून, कोणीही परवाना न घेता आणि सरकारला शुल्क न भरता वाय-फाय देऊ शकतो, वरची नोंदणी आणि हिशेब दुसऱ्या संस्था बघतात. पेठेतल्या छोट्या दुकानदाराला यात स्थान आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र तिथेही ग्राहकाची वाट फोनवरच्या ॲपमधून जाते. ज्याच्या हातात फक्त लॅपटॉप आहे त्याच्यासाठी दार अजूनही किलकिलेच आहे.

पहिली वाट, म्हणजे ओळखपत्राची वाट, चालू शकते याचा दाखला मला माझ्या पुतण्याच्या अभ्यासिकेत मिळाला. स्पर्धा परीक्षांची मुले तिथे पहाटेपासून बसतात. लाकडी कप्पे, प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळा दिवा, पंख्याच्या वाऱ्याने फडफडणारी नकाशांची टोके. बाहेरगावाहून एका दिवसासाठी आलेल्या मुलालाही तिथे वाय-फाय मिळते आणि फोन लागत नाही. दाराशी बसलेल्या काकांना ओळखपत्र दाखवायचे, त्यांनी वहीत नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा, आणि छोट्या छपाई यंत्रातून निघालेली एक चिठ्ठी हातात द्यायची. चिठ्ठीवर आठ अक्षरे असतात, त्यांच्याखाली किती वाजेपर्यंत चालतील ते छापलेले असते. स्वागताच्या पानावर ती आठ अक्षरे घातली की काम सुरू. अशा चिठ्ठ्या काढण्याची सोय पुष्कळ राऊटरांत असते, ती शोधून सुरू करायला तिथल्याच एका विद्यार्थ्याने मदत केली होती. पान उघडत नसेल तर काय करायचे त्याच्या चार ओळीही त्याने मराठीत लिहून भिंतीवर चिकटवल्या आहेत: मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन थांबवा, हा साधा पत्ता उघडा, तरी आले नाही तर काकांना सांगा. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभे आहे. नाव नोंदवून सार्वजनिक वस्तू वापरायला देण्याची रीत या गावाला नवी नाही.

राजारामपुरीतल्या दुकानदाराला मी ही चिठ्ठीची कल्पना सांगितली आहे आणि त्याने तिच्याविषयी आस्थेने विचारून घेतले आहे. अभ्यासिकेत मात्र मला एक गोष्ट खटकली. ती वही दिवसभर टेबलावर उघडी असते. सही करायला वाकलेल्या प्रत्येकाला आधीच्या पानभर मुलामुलींची नावे आणि ओळखपत्रांचे क्रमांक वाचता येतात, फोनने त्यांचे छायाचित्रही काढता येते. आत सगळे कुलूपबंद आणि दाराशी सगळे उघडे असे चालणार नाही. व्यवस्थापकांना मी सुचवले की प्रत्येकासाठी वेगळा कागद ठेवावा, तो लगेच पेटीत टाकावा, पेटीला कुलूप असावे आणि नोंद जपण्याची मुदत संपली की कागद फाडून नष्ट करावेत. त्यांना ते पटले. पेटी आली आहे, कागद छापायला माझ्याकडेच दिले आहेत. क्रमांकाची चौकट किती मोठी ठेवायची आणि मुदतीची तारीख कोणी टाकायची, एवढे ठरायचे बाकी आहे.